मधुमेही नेत्रविकारातील औषधी रोपणे : टिकाऊपणाच्या निकषाची चिकित्सा

मधुमेहामुळे दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पीतबिंदूला सूज येते आणि रुग्णाला अक्षरे व चेहरे अस्पष्ट दिसू लागतात. यावर डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आहेत. परंतु आरंभी ती प्रायः दरमहा घ्यावी लागतात. या अडचणीतूनच डोळ्यात राहून दीर्घकाळ औषध सोडणारी रोपणे पुढे आली. तत्संबंधीच्या लेखनात रोपण किती महिने टिकते, हाच गुणवत्तेचा मुख्य निकष मानला जातो. तो अपुरा आहे.

वाशिम जिल्ह्यातील अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. अशा गावातील रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे होय. बाहुली विस्फारणारे थेंब घातल्यावर दृष्टी काही तास धूसर राहते, त्यामुळे सोबत्याचीही मजुरी बुडते. म्हणून त्याच्या दृष्टीने मोजावयाच्या त्या फेऱ्या, सुया नव्हेत.

डेक्सामेथासोनची 0.7 मिलिग्रॅमची कांडी पीएलजीए या बहुवारिकाची असते. पाण्याच्या सान्निध्यात त्याचे लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांत विघटन होते, त्यामुळे ती काढावी लागत नाही. ‘विरघळणारी’ या विशेषणाने पुष्कळांचे समाधान होते. पण कांडी विरघळते, तिचा परिणाम विरघळतो असे नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मीड’ चाचणीत तीन वर्षांनंतर 22.2 टक्के रुग्णांना पंधरा वा अधिक अक्षरांचा लाभ झाला. तुलनागटात हे प्रमाण 12 टक्के होते. फ्लुओसिनोलोनची पॉलिइमाइड नळी तर तीन वर्षांपर्यंत औषध सोडते आणि रिकामी झाल्यावरही डोळ्यातच राहते. तिच्या ‘फेम’ चाचणीत, कमी मात्रेच्या गटात, नैसर्गिक भिंग असलेल्या सुमारे 80 टक्के रुग्णांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली, 4.8 टक्क्यांना नेत्रदाबासाठी छेद घ्यावा लागला.

मोतीबिंदू निदान जाणवतो. वाढलेला दाब बहुधा जाणवत नाही, आणि त्याने झालेली हानी भरून येत नाही. या चाचण्यांतील रुग्णांना ठरावीक काळाने तपासणीस बोलावले जात होते. म्हणजे त्यांचे निष्कर्ष केवळ रोपणाचे नसून रोपण व देखरेख या दोहोंचे आहेत. देखरेख वगळून तेच आकडे ग्रामीण रुग्णास लागू करणे ही पद्धतिशास्त्रीय चूक होय. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झालेल्या आणि स्टिरॉइडने दाब न वाढणाऱ्या रुग्णास कांडी उपयुक्त ठरते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

पुन्हा भरता येणारी रॅनिबिझुमॅबची कुपी स्टिरॉइडचा प्रश्न टाळते. तथापि पडदा निसटण्याच्या दोषामुळे 2022 मध्ये ती अमेरिकेत परत घेण्यात आली. सुधारणेनंतर 2024 मध्ये ती पुन्हा उपलब्ध झाली आणि 2025 मध्ये पीतबिंदूच्या मधुमेहजन्य सुजेसाठी तिला तेथे मान्यता मिळाली. सहा महिन्यांनी ती भरावीच लागते, शिवाय अंतर्नेत्रसंसर्गाचा धोका आहेच.

2024 मध्ये वाशिम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे या रोपणांचा अभ्यास व्हावयाचा झाल्यास इंजेक्शनांच्या संख्येबरोबरच रुग्णाच्या फेऱ्या, सोबत्याचे बुडालेले दिवस आणि चुकलेल्या दाबतपासण्या यांचीही नोंद ठेवावी लागेल.