सर्वसामान्य प्रेक्षक म्हंजे कोण?

नागराज मंजुळेचा 'झुंड' ४ मार्च २०२२ ला लागला. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी लांबीवर कुरकुर केली, अन् तीही सर्वसामान्य प्रेक्षकाच्या नावानं. दोस्तहो, हा प्रेक्षक राहतो कुठं? केळझरात तर मला भेटला नाही.

लांबतं काय ते पाहा. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळायला परदेशी जायचं, तर पासपोर्ट पाहिजे. रिंकू राजगुरूची आदिवासी पोरगी बापासोबत दारोदार फिरते. कशासाठी? आपण आपणच आहोत याचा कागद मिळवायला. मी रात्रपाळी करून सकाळी दाखल्याच्या रांगेत उभा राहिलो आहे. साहेब जेवायला उठले की दिवस गेला. हा वेळ कात्रीनं कापला तर उरते काय? निव्वळ मॅच.

माझी तक्रार दुसरीच आहे. जयंतीच्या डीजेत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं हात जोडणारा अमिताभ आमच्या पोरांना लई भावला. भावू द्या. विजय बारसे सरांचं २००१ पासूनचं कामही खरं. पण त्यांच्यावरून घेतलेला मास्तर पडद्यावर फार जागा अडवतो. अंकुश गेडामचा डॉन नुसता पाहतो तेव्हा सिनेमा त्याचा होतो. अन् कोर्टात बोलायची वेळ आली की बोलतो मास्तर! 'फँड्री'तल्या (२०१४) जब्याला कोणी मास्तर नव्हता. दगड त्यानं स्वतः उचलला.

पुढचा सिनेमा पाहाल तेव्हा चार ओळी लिहून पाठवा. अंकात जागा आहे.