‘अशुद्ध’ रक्ताची बदनामी

हृदयाचा तक्ता भिंतीवर लावला की अर्धी बाजू तांबडी, अर्धी निळी. आणि शिकवताना तोंडात शब्द येतात ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’. आमची तक्रार या दोन शब्दांबद्दल आहे.

आधी आकडे पाहू. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याच्या रोहिणीतील १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. शरीरभर फिरून रक्त हृदयाकडे परतते तेव्हाही त्यात सुमारे १५ मिलिलिटर शिल्लक असतो. म्हणजे तीन-चतुर्थांश! कार्बन डायऑक्साइडची गोष्ट तर आणखी गमतीची. ‘अशुद्ध’ रक्तात तो सुमारे ५२ मिलिलिटर, आणि ‘शुद्ध’ रक्तात ४८. हा जर मळ असेल, तर फुप्फुसे त्यातला जेमतेम तेरावा हिस्सा काढतात आणि बाकीचा तसाच परत पाठवतात. अशा धोब्याला कोण कपडे देईल?

खरे म्हणजे हा वायू रक्तात हवाच असतो. तांबड्या पेशींतील कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज या विकरामुळे बहुतेक कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेट होते आणि ते मुख्यतः रक्तद्रवातून वाहते. काही भाग हिमोग्लोबिनला जोडला जातो, थोडासा नुसताच विरघळतो. हे बायकार्बोनेट रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास राखायला मदत करते. शिवाय, राबणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन आपला ऑक्सिजन अधिक सहज सोडते. क्रिस्तियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगनमध्ये १९०४ साली हे दाखवून दिले. गरज जिथे जास्त, तिथे माल जास्त उतरतो, तो या ‘मळा’च्याच मदतीने. श्वसनाच्या धड्यातला हा सगळ्यात सुंदर भाग. ‘अशुद्ध’ म्हटले की तो विचारण्याची वाटच बंद होते.

‘ऑक्सिजनविरहित रक्त’ ही पाटीही आम्हांला पटत नाही. मग ते १५ मिलिलिटर कुठे गेले? ‘ऑक्सिजन कमी असलेले रक्त’ म्हणावे. लांबलचक आहे, पण खरे आहे. आणि युरियाचा हिशेब मांडला तर मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडणारे रक्त सर्वांत स्वच्छ, पण ते वाहते नीलेतून, म्हणून तक्त्यावर निळे!

रंगावरून शुद्धता ठरवण्याची ही सवय जिवावरही बेतू शकते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड निघाला, तर तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे हिमोग्लोबिनला धरून बसतो. माणूस गुदमरत असतो, पण रक्त मात्र लालभडक, तक्त्यातल्या ‘शुद्ध’ बाजूसारखे. २०२० च्या साथीपासून घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसतो. त्याला दोन्ही तांबडे सारखेच दिसतात आणि आकडा नव्वदीच्या वर राहू शकतो. अशा वेळी आकडा पाहत बसू नये. दार उघडून त्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे.