टर्नर यांचा सीमान्तसिद्धान्त आणि प्रवरा-गोदावरीचा कालवेपट्टा

फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ साली शिकागो येथे वाचलेल्या निबंधात अमेरिकन लोकशाहीचे मूळ पश्चिमेकडील मोकळ्या जमिनीत शोधले. कसणारा तिकडे जातो, जमिनीचा मालक होतो आणि मालकीमुळेच स्वतंत्र वृत्तीचा नागरिक बनतो, अशी ही मांडणी होय. पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर देऊ करणारा १८६२ चा होमस्टेड कायदा तिला पोषक ठरला. तिच्यातील मोठी उणीव आता सर्वश्रुत आहे. ती जमीन मोकळी नव्हती. मूळ रहिवाशांना हुसकून ती मोकळी करण्यात आली होती.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील कालव्यांवरील वसाहतीस हा सिद्धान्त लावण्याचा मोह अभ्यासकास सहज होईल. सासवडचे माळी बागाईतदार नीरा कालव्यावरून गोदावरी व प्रवरा कालव्यांवर, कोपरगाव-बेलापूर परिसरात आले. ऊस आणि गूळ यांचे तंत्र त्यांच्याबरोबर आले. त्यांचे साहस निर्विवाद आहे. परंतु साम्य येथेच संपते. रयतवारीच्या दप्तरात येथील जमिनीवर खातेदाराचे नाव आधीच होते. नव्याने उपलब्ध झाले ते पाणी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. बागाईतदाराने जमीन घेतली ती बहुधा खंडाने. त्याची दृष्टी मालकीपेक्षा पाण्याच्या पाळीवर होती, आणि जमीन चोपण झाल्यास ती सोडून जाणे त्यास मालकापेक्षा सोपे होते. मालकी न मिळविताही वसाहत होते, ही गोष्ट टर्नर यांच्या चौकटीत बसत नाही.

धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध केली. तिचे मोल वादातीत आहे. तथापि लाभ किती, या प्रश्नाहून लाभाची जमीन कोणाची, हा प्रश्न वेगळा; अकोले तालुक्याच्या डोंगरी खोऱ्यात पाण्याखाली गेलेल्या शेतांचा तर त्याहूनही वेगळा.

या दुसऱ्या प्रश्नाचे कठोर उत्तर साखर कंपन्यांच्या जमिनींनी दिले. शेतकऱ्यांच्या ज्या जमिनी खंडाने कंपन्यांकडे गेल्या होत्या, त्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये शासनाकडे आल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे सोपविण्यात आल्या. कंपनीचे मोठे क्षेत्र मोडणे न्याय्यच होते. पण त्या क्षेत्राच्या पोटात लहान खातेदारांचीही जमीन होती, याचा विवेक झाला नाही. त्यांच्या वारसांना जमीन परत मिळू लागण्यास २०१२ च्या सुमाराचा काळ उजाडला.

या लढ्याने एका शब्दाचा अर्थही उलटा केला. खंडकरी म्हणजे एरवी खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा. श्रीरामपूरकडे मात्र ज्याने आपली जमीन खंडाने दिली, तो खंडकरी.