शाब्दिक उदाहरणातलं फुकटचं वाक्य

घातांकी वाढ आणि क्षय यांवरची शाब्दिक उदाहरणं तुम्ही बारावीपासून सोडवत आला आहात. नमुना ठरलेला: ‘जिवाणूंच्या वाढीचा दर त्यांच्या त्या वेळच्या संख्येशी समप्रमाणात आहे. 4 तासांत संख्या दुप्पट होते, तर 12 तासांत किती पट होईल?’ तीनदा दुप्पट, म्हणजे 8 पट. झाले मार्क.

माझी तक्रार त्या पहिल्या वाक्याबद्दल आहे. खरं विज्ञान त्याच वाक्यात आहे आणि नेमकं तेच फुकटात हातात दिलं जातं. संशोधनात मात्र दर कशाच्या प्रमाणात आहे हे आधी आपल्यालाच शोधावं लागतं.

ई. कोलाय घ्या. चांगल्या माध्यमात तो साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून सुरुवात करून सूत्रात 48 तास घाला: 144 वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे 2 × 10⁴³ पेशी. एका पेशीचं वस्तुमान 10⁻¹² ग्रॅम धरलं तरी हा ढीग पृथ्वीच्या काही हजार पट भरतो! फ्लास्कमध्ये असं होत नाही, कारण सुरुवातीला पेशी जुळवून घेत असतात आणि शेवटी अन्न संपतं, टाकाऊ पदार्थ साचतात. सूत्र चालतं ते फक्त मधल्या टप्प्यात. तो टप्पा कुठे संपतो, हे उदाहरण कधीच विचारत नाही.

क्षयाच्या बाबतीत कार्बन-14 चं उदाहरण मात्र प्रामाणिक आहे. अर्धायुष्य सुमारे 5730 वर्षं. अणुकेंद्रक ‘म्हातारं’ होत नाही, शेजारी किती केंद्रकं उरलीत याच्याशीही त्याला देणंघेणं नसतं, म्हणून समप्रमाण तिथे खरंच लागू पडतं. पण रक्तातल्या मद्याला तेच सूत्र लावाल तर फसाल. ते पचवणारं एन्झाइम लवकरच पूर्ण क्षमतेने काम करू लागतं, मग तासाला जवळपास ठरावीकच मात्रा कमी होते. आलेख सरळ रेषेत उतरतो.

चहाचंही तसंच. 30 अंशांच्या खोलीत 80 अंशांचा चहा ठेवला, तर न्यूटनच्या नियमाप्रमाणे निम्मा होतो तो 50 अंशांचा फरक. म्हणजे तेवढ्या वेळात चहा 55 अंशांवर येतो, 40 वर नाही. (‘दरवर्षी 20 टक्के वाढ’ वाचून थेट e⁰·²ᵗ लिहिणाऱ्यांनीही जरा थांबावं. 10 वर्षांनी 1.2 चा दहावा घात 6.19 येतो, e² येतो 7.39. वर्षाला 20 टक्के हवे असतील तर k सुमारे 0.182 घ्यावा लागतो.)

आता पुन्हा वरचं उदाहरण बघा आणि पहिलं वाक्य खोडा. उरतं काय? सुरुवातीची संख्या आणि 4 तासांनंतरची दुप्पट. एवढ्यावर सरळ रेषाही बसते आणि तिचं उत्तर येतं 4 पट. 8 की 4, हे दोन बिंदूंवरून कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा 2, 6, 8, 10 तासांचीही मोजणी मागा, संख्येचा लॉग घेऊन वेळेसमोर आलेख काढा, आणि रेषा कुठून कुठपर्यंत सरळ राहते ते बघा. k त्यानंतर काढा.