डच नगरचित्र आणि त्याचे आश्रयदाते

सतराव्या शतकातील डच नगरचित्रांस 'यथातथ्य' हे विशेषण लावण्याचा प्रघात आहे. इमारत ओळखू येते, रस्ता सापडतो, भिंतीतील विटा मोजता येतील असे वाटते. त्यामुळे चित्र म्हणजे स्थळाची निव्वळ नोंद, हा समज रूढ झाला. इतिहासाचा अभ्यासक अशी चित्रे पुरावा म्हणून हाती घेतो, तेव्हा हा समज तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

हेगच्या नगरसभेने यान व्हान गोयेनकडून शहराचे एक भव्य दृश्य काढवून घेतले व १६५१ मध्ये त्याबद्दल ६५० गिल्डर दिले. येथे आश्रयदाता स्वतः नगरच आहे. नगराने स्वतःचे रूप सभागृहासाठी मागविले. पीटर सानरेडामचे उदाहरण याहून सूचक आहे. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या नगरभवनाचे त्याने १६४१ मध्ये जागेवर रेखाटन केले. १६५२ मध्ये ती वास्तू जळाली. रेखाटनावरून त्याने १६५७ मध्ये चित्र सिद्ध केले आणि नगराधिकाऱ्यांनी ते ४०० गिल्डरांस विकत घेतले. तोवर याकोब व्हान काम्पेनच्या आराखड्याप्रमाणे नवे भव्य नगरभवन उभे राहत होते. वैभवास पोहोचलेल्या सत्तेला आपल्या साध्या पूर्वरूपाची स्मृती जवळ असावीशी वाटली. चित्रातील वास्तू खरी आहे. परंतु ते चित्र जपले गेले ते केवळ खरेपणामुळे नव्हे.

याच्या उलट, खेरिट बेर्कहेडेने १६७१-७२ च्या सुमारास हेरेनग्राख्त कालव्याचा धनिकांच्या वस्तीचा भाग रंगविला, तेव्हा काठावरील झाडे वगळली. परिणामी नव्या प्रासादांच्या दर्शनी बाजू अडथळ्याविना दिसतात. येथे प्रत्येक घर खरे असूनही रस्ता खरा नाही.

तथापि 'धन्याने मागितले, चित्रकाराने काढले' असे सूत्र बांधणे हाही उतावळेपणाच होय. पुष्कळ डच चित्रे अज्ञात गिऱ्हाइकासाठी, खुल्या बाजारासाठी काढली जात. यान व्हान डेर हेडेन तर चित्रकलेखेरीज ॲम्स्टरडॅमचे रस्त्यांवरील दिवे आणि अग्निशामक यंत्रे यांत गुंतलेला होता. उपजीविकेसाठी तो कुंचल्यावरच अवलंबून नव्हता. त्याने १६६७ मध्ये काढलेले नव्या नगरभवनाचे चित्र टस्कनीचा युवराज कोसिमो दे मेदिची याने घेतले. समोरून पाहता त्यातील घुमट विकृत भासतो. योग्य दर्शनबिंदू दाखविणारे एक साधन चौकटीस जोडलेले होते. त्या बिंदूवरून पाहिले म्हणजे घुमट सरळ होतो.

हे साधन या साऱ्या प्रकाराचे मर्म सांगते. नगरचित्रातील सत्य हे असत्य नव्हे, परंतु ते एका स्थानावरून दिसणारे सत्य आहे. ते स्थान कधी चित्रकार ठरवितो, कधी आश्रयदाता. कित्येकदा दोघांत अलिखित तडजोड असते. भाषेतील विधानाचा अर्थ वक्ता व श्रोता यांना वगळून पुरता लागत नाही, तसेच येथेही. म्हणून 'हे स्थळ असे होते काय?' या प्रश्नाबरोबरच 'हे कोणास असे दिसावयास हवे होते?' हाही प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे. पहिल्याचे उत्तर नकाशा देऊ शकेल. दुसऱ्याचे उत्तर चित्रातून वगळलेल्या झाडांतच शोधावे लागेल.