‘पंप बदला’ हे निदान आहे का?

समजा, मे महिन्यातल्या दुपारी तुम्ही जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन शिरूरहून न्हावरामार्गे दौंड तालुक्यात चौफुल्याकडे निघालात. वेग वाढवला की गाडी झटके देते, शेवटी बंद पडते. अर्ध्या तासाने मात्र बिनतक्रार सुरू होते. दुरुस्तीच्या पुस्तकांत ‘लक्षण–कारण–उपाय’ असा तक्ता असतो. त्याच्या धाटणीचं उत्तर ठरलेलं: पेट्रोल कमी पोहोचतंय, पंप खराब, पंप बदला.

माझा आक्षेप या तक्त्याच्या पद्धतीवर आहे. कारण संशोधनाचा आराखडा लिहिताना आपणही असाच विचार करतो.

पहिला आक्षेप: एका लक्षणामागे अनेक कारणं असतात. फिल्टर चोंदलेला असेल, पंपाचा पडदा फाटला असेल, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजून आत निर्वात तयार होत असेल, किंवा उन्हाने नळीतच पेट्रोलची वाफ होत असेल. आता गंमत बघा. पंप बदलेपर्यंत अर्धा तास जातो, इंजिन थंड होतं, वाफ विरते, गाडी सुरू होते. श्रेय मिळतं नव्या पंपाला! काही न करता थांबलो असतो तर काय झालं असतं, हे कुणी तपासलंच नाही. कंट्रोल नसलेला प्रयोग म्हणतात तो हाच.

मग करायचं काय? गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर संशय झाकणावर. नाही झाली, तर पंपावर ओलं फडकं ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत सुरू झाली, तर वाफेवर. चांगली चाचणी कारणांना एकमेकांपासून वेगळं करते.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. अशा यांत्रिक पंपाचं प्रेशर साधारण ०.२ ते ०.४ बार असतं. पण कार्ब्युरेटरची सुई बंद असताना प्रवाहच नसतो, त्यामुळे फिल्टर अर्धवट चोंदलेला असला तरी गेज ठीक आकडा दाखवू शकतो. म्हणून ठरावीक वेळात किती पेट्रोल येतं तेही मोजावं लागतं (इंजिन थंड असताना, ठिणगीपासून लांब). प्रेशर म्हणजे पुरवठा नव्हे. तुमच्या प्रश्नावलीतला स्कोअर म्हणजे तुमची संकल्पना नव्हे, तसंच.

तिसरा आक्षेप व्याप्तीचा. कार्ब्युरेटरच्या बहुतेक मोटारसायकलींना पंपच नसतो. टाकी वर असते आणि ३० सेंटिमीटर उंचीचं पेट्रोल जेमतेम ०.०२ बार देतं. तिथे पंपाचा प्रश्नच चुकीचा.

तरीही तक्ता फेकू नका. शक्यतांची यादी म्हणून तो उपयोगीच आहे. फक्त त्यात एक रकाना वाढवा: ‘हे कारण चूक असेल, तर काय दिसेल?’ तोच रकाना आज स्वतःच्या विषयासाठी भरून बघा. रिकामा राहिला, तर डेटा गोळा करायची घाई करू नका.