कौतुकाचे पेढे आणि लेखणीचा नेम

खडकवासल्याच्या धरणापाशीं उभें राहून दक्षिणेकडे नजर टाकली कीं सिंहगड समोर दिसतो. गेल्या पावसाळ्यांत आम्ही चार मंडळी तेथें सहलीस गेलों होतों. बरोबर एक तरुण लेखक होते. दोन वर्षांपूर्वीं त्यांची पहिली कथा एका मासिकांत आली, तेव्हां घरीं पेढे वांटले गेले, आळींतल्या मंडळानें शाल-श्रीफळ दिलें, छायाचित्रें निघालीं. त्यानंतर काय लिहिलें, असें आम्हीं सहज विचारलें. गडाकडे पाहत ते म्हणाले, "लिहावयास बसलों कीं पहिलेंच वाक्य त्या कथेच्या तोडीचें उतरत नाहीं. मग कागद बाजूस ठेवतों." हें उत्तर मनांत घर करून राहिलें, आणि समोरच्या गडावर ज्यांनीं कादंबरी रचली त्या हरि नारायण आपट्यांचें स्मरण झालें. यशाचें कौतुक लेखकास पोसतें कीं मारतें, हा प्रश्न हरिभाऊंच्या लेखनाच्या आधारें तपासून पाहण्याजोगा आहे.

हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. १८८२ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, तेव्हां या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें 'शिष्यजनविलाप' हें काव्य लिहिलें. १८८५ मध्यें 'मधली स्थिति' ही पहिली कादंबरी वाचकांपुढें येऊं लागली. १८९० मध्यें त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें, व त्यांतूनच 'पण लक्षांत कोण घेतो' प्रकरणशः प्रसिद्ध झाली. अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें तें १९१२ मध्यें. म्हणजे पहिली कादंबरी आणि हा मोठा सार्वजनिक मान यांत सत्तावीस वर्षांचें अंतर आहे. ज्या लेखनासाठीं आज आपण त्यांस वंदन करतों, त्यांतील बहुतेक या मानापूर्वींच लिहून झालें होतें.

मग इतकीं वर्षें हा मनुष्य कशाच्या बळावर लिहीत राहिला? केवळ प्रतिभेच्या, असें म्हणणें सोपें आहे. पण तें अपुरें आहे. आमच्या मतें त्याचें एक उत्तर साप्ताहिकाच्या नेमांत आहे. अंक ठरल्या वारीं निघाला पाहिजे, छापखाना मजकुराची वाट पाहत आहे, आणि गेल्या खेपेचें प्रकरण वाचून एखाद्या माजघरांत पुढें काय झालें म्हणून विचारणा होत आहे! अशा स्थितींत मागच्या प्रकरणाच्या स्तुतींत रमावयास अवकाश कोठला? प्रत्येक अंक हें एक लहानसें यश. तें पुरें होतांच दुसरें काम उभें. 'पण लक्षांत कोण घेतो' मध्यें यमू आपलें बालपण, सासर, मुंबईचा संसार आणि वैधव्य सांगते, तें लहान लहान घरगुती प्रसंगांतून. एकेक वाक्य टाळी घेण्यासाठीं घडविणाऱ्याच्या हातून ही साधी, ओघवती भाषा उतरली नसती. या कादंबरीचें सामर्थ्य साठत जाण्यांत आहे, आणि साठणें हें नेमाचेंच फळ होय.

या नेमाचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. पाल्हाळ हा हरिभाऊंचा उघड दोष असून तो पुष्कळ अंशीं आठवड्याच्या घाईनेंच आला. कांहीं कादंबऱ्या शेवटास न जातां राहिल्या. 'म्हैसूरचा वाघ' ही त्यांची आरंभींची ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलर याच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. परंतु तेवढ्यावर समाधान मानून, अगर तेवढ्यानें खचून, ते थांबले असते तर १९०३ मधील 'गड आला पण सिंह गेला' आपणांस मिळाली नसती. तींतही कमलकुमारीची कथा तानाजीच्या पराक्रमावर थोडी जड होते, हें आम्ही मान्य करतों. तथापि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनीं सिंहगड प्रथम पाहिला तो याच पानांतून.

यावरून कौतुक टाकाऊ आहे असें कोणीं समजूं नये. मध्यम स्थितींतल्या घरांत लिहिणाऱ्या मुलास वा सुनेस कौतुकापेक्षां उपेक्षाच अधिक लाभते, आणि उपेक्षेनें कोमेजलेल्या लेखण्यांची गणती कोणीं ठेवली आहे? प्रश्न आहे तो कौतुक कशाचें, हा. 'तूं लेखक झालास' असें म्हणून केलेला सत्कार मनुष्याचा असतो. तो त्यास एका आसनावर बसवितो, आणि तेथून उठण्याची त्यास भीति वाटूं लागते. 'हें प्रकरण पुरें झालें' असें म्हणून केलेला सत्कार कामाचा असतो. तो पुढच्या प्रकरणाची वाट मोकळी करतो. पहिल्यांत अपयश म्हणजे अप्रतिष्ठा, दुसऱ्यांत अपयश म्हणजे केवळ एक वाईट पान. घरच्यांनीं लिहिणाऱ्यास रोज एक निवांत तास द्यावा, लिहिलेलें ऐकावें, आणि 'पुढें काय?' असें विचारावें. शालीपेक्षां ही ऊब अधिक टिकते.

परततांना आम्हीं त्या तरुण मित्रास म्हटलें, "येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेस चार पानें वाचून दाखवा. चांगलीं असोत वा नसोत, पेढे आम्ही आणूं." त्या तारखेस ते आले. पानें तीनच होतीं, आणि दुसरें अगदीं सामान्य होतें. तसें आम्हीं त्यांस सांगितलेंही. पेढे मात्र ठरल्याप्रमाणें आणले होते. ते खातां खातां त्यांनीं आपण होऊनच पुढच्या महिन्याची तारीख विचारली.